दुसरी खेप

चष्म्याच्या दांडीतला स्क्रू चिमट्यात धरून ती भोकाशी नेत होती, तेवढ्यात काउंटरवरचा फोन थरथरला आणि स्क्रू निसटला. तिळाएवढा तो. काचेवर एकदा टणकला आणि फरशीवर कुठेतरी गडप झाला.

समोर बसलेल्या निवृत्त मास्तरांनी ताबडतोब दोन्ही पाय वर उचलून घेतले.

"सापडेपर्यंत मी पाय खाली ठेवत नाही," ते म्हणाले. "चष्म्याशिवाय मला शोधता यायचा नाही, पण निदान तुडवणार तरी नाही."

ती गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागली. स्क्रू सापडायच्या आधीच तिने हात लांबवून फोन खाली घेतला आणि तिथेच काउंटरमागे बसून निरोप वाचला. दोनच ओळी होत्या. रविवारी सकाळी. या वेळी नक्की.

"काही वाईट बातमी?" वरून मास्तरांनी विचारलं.

"नाही हो मास्तर. हेलिकॉप्टर येतंय."

मास्तरांनी पाय आणखी थोडे वर घेतले.

हेलिकॉप्टर संगणकातलं होतं. गेली सहा वर्षं दुकान बंद झालं की ती घरी विमानं चालवायची. पडद्यावर खरी पृथ्वी, खऱ्या नद्या, खरे रस्ते. हातात दांडी, पायाखाली पेडल. विमान जमिनीवर आदळलं तरी चहा सांडण्यापलीकडे नुकसान नाही. चव्वेचाळीस वर्षांची, चष्म्यांचं दुकान चालवणारी बाई हा उद्योग करते म्हटल्यावर नातेवाईक हसायचे. तीही त्यांच्याबरोबर हसायची आणि पुन्हा उडायची.

पण वाट ती एकाच यंत्राची पाहत होती. लष्कराचं ते जुनं, पोट सुटलेल्या म्हशीसारखं दिसणारं हेलिकॉप्टर. आता ते कुठे उडत नव्हतं. संगणकावरची विमानं बनवणाऱ्या दोघा भावांनी ते बनवायला घेतलं, त्याला तीन वर्षं झाली होती. एका संग्रहालयात उभ्या असलेल्या यंत्राचा एकेक खटका मोजून त्यांनी काम सुरू केलं. मग 'लवकरच' आलं, मग 'थोडा उशीर होतोय' आलं, मग पुन्हा 'लवकरच'. दर वेळी ती आईला सांगायची आणि दर वेळी आई विचारायची, "लवकरच म्हणजे मी असेपर्यंत, की नंतर?"

कारण त्या यंत्राशी खरा संबंध आईचाच होता. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी धरणाचं पाणी गावात शिरलं, तेव्हा आठ महिन्यांची पोटुशी असलेल्या आईला अशाच एका हेलिकॉप्टरने गच्चीवरून उचललं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे लष्कराच्या दवाखान्यात ही जन्मली. त्या दिवसाबद्दल आई याहून जास्त कधी बोलली नव्हती. "दोर सोडला, उचललं, नेलं. झालं," एवढंच. हिने लहानपणी खोदून विचारलं की आई म्हणायची, "मेल्या त्या आवाजाने कान बसले होते, मला काय आठवणार?"

त्या पायलटचा शोध हिने एकदा घेतला होता. नाव मिळालं नाही. मग तिने त्या दोघा भावांना पत्र लिहिलं, की तुम्ही बनवताय त्या यंत्रामुळे मी आहे, घाई करू नका, पण सोडूनही देऊ नका. त्यांनी उत्तरात यंत्राच्या माहितीची दोनशे पानं आगाऊ पाठवली. तिने ती छापून, शिवून घेतली आणि गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात परीक्षेला बसल्यासारखी वाचली.

त्यांनीच तिला पंखाकाकांचा पत्ता दिला. उडणाऱ्या मंडळींत सगळे त्यांना याच नावाने ओळखत. वय एकाहत्तर, राहायला दूरच्या शहरात. हेच यंत्र अठरा वर्षं चालवून निवृत्त झालेले, आणि भावांनी बनवलेलं बरोबर उडतंय की नाही ते तपासणारे. पहिल्याच फोनवर तिने धीर करून विचारलं होतं, "त्या पुरात तुम्ही होता का?"

"नाही बाई. त्या वर्षी मी डोंगरात होतो. जो कोण होता त्याला शोधू नका. त्याला तुम्ही आठवणार नाही."

"असं कसं?"

"उचललेली माणसं आम्हाला आठवत नाहीत," काका म्हणाले. "राहिलेली आठवतात."

मग त्यांनी विषय बदलला आणि डाव्या हाताचा लिव्हर किती हळू ओढायचा ते सांगू लागले.

रविवारी सकाळी नऊला ती पडद्यासमोर बसली. यंत्र संगणकावर उतरवून घ्यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात तिने खोली झाडली, खुर्चीवरचे आईचे वाळत घातलेले कपडे हलवले, पेडल फडक्याने पुसली. आई दारात येऊन म्हणाली, "पाहुणे येणार असल्यासारखं काय चाललंय?" आणि उत्तराची वाट न पाहता स्वयंपाकघरात गेली.

यंत्र सुरू केलं तेव्हा आधी एक लांब कण्हणं ऐकू आलं, मग पाती फिरू लागली आणि टेबलावरची पेन्सिल हळूहळू घरंगळत खाली पडली. आतली हिरवी, टवके उडालेली भिंत, दोन्ही पायलटच्या मधली घासलेली मूठ, सगळं होतं. कुणीतरी तीन वर्षं बसून ते टवकेसुद्धा रंगवले होते.

उडताना मात्र तिचं पाठांतर कामाला आलं नाही. पुढे जाणं सोपं होतं. हवेत एका जागी थांबणं म्हणजे चेंडूवर उभं राहण्यासारखं. लिव्हर ओढला की नाक वळायचं, नाक सावरलं की शेपूट सरकायची, शेपूट धरायला जावं तो सगळं यंत्र दारुड्यासारखं एका कुशीवर. तासाभरात ती सात वेळा आदळली. तळवे फडक्याला पुसून तिने काकांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"काका, त्यांनी हे वाऱ्यात केलं? पावसात? तारांच्या आणि झाडांच्या मधे?"

"केलं असणार. तुम्ही बोलताय ना माझ्याशी." काका हसले. "आठ महिने लागतात शिकायला. आता असं करा, मी उडवतो. मी इथून माझ्या संगणकावरून तुमच्या यंत्रात येतो, तुम्ही मागे दारात बसा. दोराजवळच्या माणसाची जागा. पायलटला पोटाखालचं काही दिसत नाही, दारातला सांगेल तसं तो सरकतो. कुठे जायचं?"

तिने गावाजवळच्या नदीचं नाव सांगितलं. पडद्यावर वाळू, दोन डबकी आणि काठावर घरं दिसू लागली. जुनं घर केव्हाच पडलं होतं. तिथून जवळच तसाच चौकोनी गच्चीचा एक ठोकळा तिने निवडला. काकांनी एवढं मोठं धूड त्याच्यावर आणून असं थांबवलं, की हवेत खुंटीला टांगलं असावं.

"सांगा दारातले," काका म्हणाले. "किती सरकू?"

"पुढे... दोन फूट. थोडं उजवीकडे."

"जेवण निवतंय," म्हणत आई आत आली आणि पदराला हात पुसता पुसता थांबली. आवाजाने थांबली असावी. मग ती जवळ आली, मुलीच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि पडद्यात वाकून पाहू लागली. खाली ती गच्ची होती. काडेपेटीएवढी.

"हे वरून आहे का?"

"हो. दारातून."

"मला खालून त्याचं पोटच दिसत होतं नुसतं," आई म्हणाली. "एवढी बारीक दिसते होय गच्ची? आणि तेव्हा तर चहूकडे पाणी. आम्ही दिसलो तरी कसे त्यांना?"

ती उठली आणि तिने आईला खुर्चीत बसवलं. माऊस कसा फिरवायचा ते दाखवलं. आई दाराबाहेर इकडेतिकडे पाहू लागली.

"कोण बोलतंय?" काकांनी विचारलं.

"माझी आई."

"नमस्कार ताई. तुमच्याचसाठी हा सगळा खटाटोप चाललाय म्हणे."

"नमस्कार," आई फोनकडे तोंड करून जरा मोठ्याने म्हणाली. "पण ते तेव्हा एवढं स्थिर नव्हतं हो. डुलत होतं. आणि एकदा येऊन गेलं, मग परत आलं."

मुलीने आईकडे पाहिलं. "परत म्हणजे?"

"मी दुसऱ्या खेपेला गेले. पहिल्या खेपेला तुझी आजी आणि शेजारची दोन पोरं गेली."

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. आजी जाईपर्यंत येईल त्याला सांगायची, सून असावी तर अशी, पोटात पोर असून आधी सासूला पाठवलं. पण ते तिला आजीचं नुसतं कौतुक वाटलं होतं.

"म्हणजे आजी सांगायची ते खरं?"

"खरं कसलं!" आईने माऊसवरचा हात काढून घेतला. "दोरावरून एक शिपाई खाली उतरला आणि त्याने पहिल्यांदा माझ्याकडेच बोट केलं. उचलायचा तो पट्टा पाहिला आणि माझे हातपाय गळाले. पोटावरून आवळणार, वर ओढणार... मी तुझ्या आजीला पुढे ढकललं. तिला वाटलं त्याग केला. चाळीस वर्षं कौतुक ऐकलं मी, तोंड कुठे लपवू असं व्हायचं. बोलणार तरी काय?"

मुलीला हसू फुटलं. आईच्याही ओठांचे कोपरे हलले, पण ती लगेच गंभीर झाली.

"मग ते निघून गेलं. आम्ही पाच जण राहिलो. तुझे बाबा माझ्यावर एक शब्द रागावले नाहीत. नुसते माझ्या डोक्यावर पोतं धरून उभे राहिले. दीड तास."

पात्यांची धडधड चालू होती.

"ताई," काका म्हणाले, "ते गेल्यावर... त्या दीड तासात तुम्ही लोक काय बोलत होता?"

आईने थोडा विचार केला.

"बोलायला काय होतं? आकाशाकडे बघत होतो. शेजारीण म्हणत होती, आता पोचले असतील. मग म्हणाली, आता निघाले असतील. असं करत करत."

"शिव्या नाही घातल्या?"

"कुणाला? तुम्हाला?" आईला खरंच नवल वाटलं. "त्यांनी का शिव्या खायच्या? मावतील तेवढे नेले. मी तर स्वतःच राहिले होते."

"मला एकदा परत जाता आलं नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, पण शब्द एकेक करून येत होते. "इंधन नव्हतं, मग ढग खाली आले. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा कडा रिकामा होता. तिघं होते. हात हलवत होते आम्ही निघालो तेव्हा."

आई पडद्याकडे बघत होती, खालच्या त्या काडेपेटीकडे.

"मीही हलवला होता," आई म्हणाली. "ते पहिल्यांदा निघालं तेव्हा. थांबा म्हणून नव्हे हो. सासूबाई दारात बसल्या होत्या, घाबरल्या होत्या. त्यांना आणि त्या माणसांना, जा नीट, म्हणून. त्या तिघांचं मला काय माहीत. पण मी गच्चीवर राहिलेली बाई आहे. मला त्यांचा राग आला नव्हता. एवढं मी तुम्हाला सांगू शकते."

पलीकडे कुणीतरी खुर्ची मागे सरकवल्यासारखा आवाज झाला. पडद्यावर गच्ची हळूहळू डावीकडे निघाली. आधी तिचा कठडा गेला, मग कोपऱ्यातली पाण्याची टाकी.

"काका," मुलगी हलकेच म्हणाली, "आपण सरकतोय."

"हो. कळतंय. कळतंय मला. थांबा."

गच्ची पुन्हा मधोमध आली. या वेळी यंत्र किंचित डुलत होतं.

"आता तेव्हासारखं झालं," आई म्हणाली.

"ताई, उतरू का खाली?"

"नको एवढ्यात," आईने खुर्ची पुढे ओढली आणि माऊसवर पुन्हा हात ठेवला. "तुम्हाला वेळ असेल तर थोडं थांबा. मला सांगा, इथून माणूस उभा असेल तर केवढा दिसतो?"

काका सांगू लागले. मुलगी स्वयंपाकघरात गेली आणि तिने ताटांवर झाकण ठेवलं.