जाळीतले किडे

आमच्या ट्रकले क्लच नाई. एक ब्रेक अन् एक एक्सलेटर, बस. गिअर आपल्या मनानं पडतात. हे सांगतलं का लोकं हसतात. वडसाच्या पेट्रोल पंपावर एक ड्रायव्हर मले म्हनला, मंग तुझा बाप फक्त हारन वाजवाले बसते काय? मी त्याच्या टायरवर थुकली अन् निघून आली.

पन क्लच नाई म्हनूनच माझा बाबा ड्रायव्हर आहे. सिमेंटची पोती उतरवतानी त्याचा डावा गुडघा दबला, तवापासून पाय वाकत नाई. साध्या ट्रकचा क्लच त्याले दाबता येत नाई, अन् गाडी चालवन्याबिगर त्याले दुसरं काई येत नाई. लय दिवस थो घरी बसून होता. खाटेवर बसून रस्त्यावरून जानाऱ्या गाड्यांचे आवाज ओळखे. हा टाटा, हा लेलँड, याचा सायलेन्सर फुटला. तसा बाबा मले पुन्हा पाहाचा नाई.

हा ट्रक आदी कोयल्याच्या खदानीत रस्त्यावर पानी मारे. लिलावात निघाला तवा आशाबाईनं घेतला. आशाबाई आमच्या नाटक कंपनीची मालकीन. टाकी काढून तिनं डब्बा बसवला. आता त्यात पडदे, लाइटी, राजाचं सिंहासन, पोलिस ठान्याचा टेबल, सगळं एकावर एक जाते. दिवाळी झाली का आमचा सीजन सुरू होते, अन् उन्हाळा लागेपर्यंत आम्ही गावोगाव फिरतो. कलाकार मागच्या गाडीत राह्यतात. क्याबिनमधी बाबा अन् मी.

शाळा मी अकरावीत सोडली. एका जागी बसनं मले जमत नाई. चालत्या ट्रकात जमते, कारन तिथी बाहेरचं बदलत राह्यते. सामान चढवनं, उतरवनं, रस्स्या बांधनं माझं काम. अन् काट्यावर नजर ठेवनं.

काटा म्हनजे गिअरच्या तेलाच्या गरमीचा. या गाडीत सगळा खेळ तेलावर आहे. तेल थंड राह्यलं तं गिअरचा डब्बा वर्सानुवर्सं चालते, तेल जळलं तं डब्बा गेला. म्हनून बाबा त्याले लेकरासारखा जपते. चढावर थांबावं लागलं तं एक्सलेटरवर गाडी धरून ठेवत नाई, ब्रेकवर धरते. कुठी पोचलो का लगेच चाबी फिरवत नाई. न्यूट्रलमधी इंजिन जरा चालू ठेवते, म्हनजे तेल पुढच्या जाळीच्या बारीक नळ्यांतून फिरते अन् निवते. ही जाळी रेडिएटरच्या पुढं आहे, हवा लागाले. मागच्या सीजनमधी थे साफ करता करता माझा जीव जाये. धानाच्या कापनीचे दिवस, रस्त्यावर भुसा उडे, अन् टोळ, चतुर, फुलपाखरं, काय काय त्यात येऊन अडके. मी जुन्या टूथब्रशनं काढे अन् शिव्या देत काढे. औंदा मात्र जाळी साफच राहे. मी म्हनलं, बरं झालं, एक झंझट गेली.

औंदा बाईनं नवीन नाटकाचा भला मोठा फ्लेक्स बी छापला होता. मागच्या साली क्याबिनच्या वर पत्र्याची छोटी पाटी होती. आता काचेच्या खालपासून बंपरपर्यंत आमचा व्हिलन, प्रणितभाऊ. त्याची मिशी या हेडलाइटपासून त्या हेडलाइटपर्यंत. गावात ट्रक शिरला का पोट्टे मागं पळत, मिशीवाला आला म्हनून. आमच्याकडं असंच आहे. गावाच्या तोंडाशी ट्रकचं तोंड पाहूनच लोकं ठरवतात, संध्याकाळी जेवून निघाचं का झोपाचं. गावात पोचलो का फ्लेक्सवरच्या प्रणितभाऊचे गाल आत गेलेले दिसत, म्हाताऱ्यासारखे. सगळे त्याले चिडवत, भाऊ, दात पडले काय तुमचे? थो चिडे, अन् मी सगळ्यात जास्त हासे.

पन औंदा सीजन लागला अन् काटा लाल पट्टीत जाऊ लागला. आरमोरीच्या अलीकडं एकदा थांबावं लागलं. मंग अहेरीच्या रस्त्यावर गाडीनं ओढनंच सोडलं. बाबा एक्सलेटर दाबे, इंजिन बोंबले, अन् चाकं ढिम्म. आम्ही पोचलो तवर लोकं खुर्च्या उलट्या करून घरी निघून चालले होते. नाटक ठेवनाऱ्या मंडळाचे पोरं आशाबाईले जे बोलले थे मी ऐकलं, अन् एकाच्या अंगावर धावून बी गेली. बाईनंच माझी वेनी धरून मले मागं ओढलं.

मंग गाडी बल्लारपूरले डोमाभाऊकडं नेली. डोमाभाऊनं आयुष्यभर खदानीतल्याच गाड्या खोलल्या. ग्यारेजमधी शिराच्या आदी बाबानं फ्लेक्स सोडून, घडी करून मागं ठेवला. फ्लेक्सले तेलाचा डाग लागाचा नाई, हा बाईचा हुकूम. डोमाभाऊनं तेल काढलं. लाल सरबतासारखं पायजे थे तेल, तं खूप उकळलेल्या चहासारखं निघालं, अन् जळका वास. त्यानं नवीन तेल भरलं, फिल्टर बदलला, बाबाले घेऊन राजुऱ्यापर्यंत गाडी पळवून आनली. काटा मधातच. परत आल्यावर थो आशाबाईले म्हनला, "डब्ब्यात खोट नाई, बाई. याचा दुश्मन एकच, गरमी. थे कुठून येऊन रायली थे शोधा. पुन्हा असं जळकं तेल घेऊन आले तं मी हात लावनार नाई, भंगारातच न्या."

आशाबाईले त्यातलं भंगार तेवढं ऐकू गेलं. जिवतीचा प्रयोग ठरला होता. तिकडं आमची कंपनी कधीच गेली नोती, अन् मधात घाट. बाईनं बाबाले बाजूले घेऊन सांगतलं का घाटात गाडी थांबली तं ट्रक विकाचा, अन् ड्रायव्हरसकट साधा ट्रक भाड्यानं लावाचा. ओरडून बोलली असती तं मी बी ओरडली असती. पन ती हळू बोलली. नवरा गेल्यावर एकटीनं कंपनी चालवली तिनं, मले समजत नाई असं नाई. बाबा फक्त म्हनला, "हाव बाई."

आम्ही फ्लेक्स पुन्हा बांधला अन् निघालो. त्या दिवशी आशाबाई क्याबिनमधी बसली, माझ्या अन् दरवाज्याच्या मधात. राजुरा गेलं. गडचांदूरपर्यंत काटा मधात होता. मंग हळूहळू सरकू लागला. मी काट्याकडं पाहो, बाई काट्याकडं पाहे, बाबा रस्त्याकडं. घाट लागाच्या आदी एका मोहाच्या झाडाखाली बाबानं गाडी उभी केली, न्यूट्रलमधी टाकली, अन् स्टिअरिंगवर हात ठेवून बसला.

मले आत बसवेना. उतरली, टायरले लाथ मारली, थे पायालेच लागली. हाताले काई तरी काम पायजे होतं म्हनून टूथब्रश घेतला अन् फ्लेक्सची खालची कोर वर करून जाळीत पाह्यलं. घासून ठेवलेल्या ताटासारखी साफ. ना टोळ, ना भुसा, काई नाई.

मी उभी राह्यली तं माझ्या डोळ्यासमोर प्रणितभाऊचं कपाळ. त्यावर किडेच किडे. मिशीत चतुर अडकला होता, दातावर टोळ. वायपरमधी भुसा कोंबलेला. म्हनजे किडे तं येऊन राह्यले होते, फक्त आत जात नोते. अन् इंजिन चालू होतं, पंखा फिरत होता, अन् त्यानं फ्लेक्स आत ओढून जाळीले चिपकवला होता. प्रणितभाऊचे गाल आत गेलेले. मी तिथी हात लावला. चुलीच्या तोंडाशी लावावा तसा लागला. ज्या गालाले मी सीजनभर हासली, त्याच गालानं आमच्या गाडीचं नाक दाबून ठेवलं होतं. अन् डोमाभाऊकडं काटा चढला नाई, कारन तिथी फ्लेक्स सोडलेला होता.

मी कोनाले सांगतलं नाई. पडद्याच्या पेटीतला विळा काढला अन् रस्स्या कापल्या. एक, दुसरी, अन् प्रणितभाऊ बंपरवर तोंडघशी.

मागच्या गाडीतून प्रणितभाऊ धावत आला. माझा चेहरा, माझा चेहरा, असं म्हनत थो फ्लेक्स उचलू लागला, अन् मी त्याच्यावर पाय देऊन उभी. आशाबाई खाली उतरली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"पुनम, थे बांध पयले."

"नाई बांधत."

"जिवतीत आपल्याले कोनी ओळखत नाई. उघड्या तोंडाचा ट्रक घेऊन शिरली तं लोकं म्हनतीन, इटांचा ट्रक आला. तिकिटं तुझा बाप काढन काय?"

मले बापावरून बोललेलं चालत नाई, पन यावेळी मी भांडली नाई. सगळं एकदम सांगाले गेली अन् किडे, गाल, पंखा, सगळा गोंधळ झाला. बाईले काई समजलं नाई. बाबाले समजलं. थो पाय ओढत खाली आला, जाळीपुढं हात धरला, आत शिरनारी हवा लागते का पाह्यलं. मंग बाईसमोर उभा राह्यला. बाबा बाईसमोर कधी दोन शब्दाच्या वर बोलत नाई.

"बाई, घाट असाच चढू द्या. वर काटा लाल दिसला तं चाबी मीच तुमच्या हातात देईन. मंग मले काई नाई म्हनाचं."

बाईनं त्याच्याकडं पाह्यलं, मंग माझ्या पायाखालच्या प्रणितभाऊकडं. अन् क्याबिनमधी जाऊन बसली.

मी फ्लेक्स गुंडाळून मागं टाकला. बाबानं काटा पुरता खाली येऊ देला. मंग लिव्हर ओढून गाडी छोट्या गिअरमधीच धरली, तेवढं या गाडीत हातानं करता येते, अन् चढाले लावली. घाईनं नाई, दमानं. पयल्या वळनावर काटा मधात आला. दुसऱ्या वळनावर जरासा वर गेला, हालला, अन् तिथंच बसला. मधात एक कापसाची गाडी आमच्या पुढं चढावरच थांबली. बाबा ब्रेकवर पाय ठेवून उभा राह्यला, एक्सलेटरले शिवला बी नाई. बाईनं माझा हात धरला. बहुतेक तिले समजलं नाई का धरला. कापसाची गाडी हालली, आम्ही हाललो. काटा जागेवर. वर पोचलो तवा जाळीतून येनारा गार वारा मलेच लागून राह्यला असं वाटलं.

माथ्यावर बाईनं गाडी थांबवाले लावली. आता मिशीचं काय, हे तिच्या डोस्क्यात होतंच. तिनंच सांगतलं का राजवाड्याचा दरवाजा काढा. नाटकातला दरवाजा, बांबूचा. थो आम्ही डब्ब्यावर, क्याबिनच्या वर उभा केला अन् त्याले फ्लेक्स बांधला. प्रणितभाऊ खालून पाहून खुश झाला. म्हनला, आता कुठी मी व्हिलनसारखा दिसून राह्यलो. जिवतीत शिरलो तं कडुनिंबाच्या फांद्या त्याच्या कपाळाले घासत होत्या, अन् पोट्टे मागं पळत होते. संध्याकाळी मंडप भरला. मागच्या लोकांले बसाले जागा नोती, थे बैलबंडीवर उभे राह्यले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली घेऊन ट्रकच्या पुढं बसली. बाबा बाजूनं चहा पीत होता, पाय लांब करून. आशाबाई आली. रातभर जागून तिचा आवाज बसला होता.

"लटारूभाऊ," ती म्हनली, "पुढच्या सीजनचा फ्लेक्स आडवा छापू. क्याबिनच्या वर बसन असा. माप तुम्ही घेऊन द्या."

"हाव बाई," बाबा म्हनला.

मी जाळीत पाह्यलं. टोळ, भुसा, एक पिवळं फुलपाखरू, अन् कापसाचे धागे, घाटात पुढच्या गाडीतून उडालेले. सगळं गच्च भरलं होतं. मी टूथब्रश घेतला अन् एकेक काढाले लागली, शिव्या न देता.