पाहिलं, मान्य

“चहात साखर नाही आणि मीटिंगला अर्थ नाही,” हेडफोन कानावर चढवता चढवता दत्तात्रेय पुटपुटले.

मालविकेनं खुर्चीमागून हात घालून माईक बंद केला. पण उशीर झाला होता. पडद्यावरच्या एका चौकटीत निमिष मान खाली घालून हसत होता. पुण्याचा निमिष, त्या मीटिंगमध्ये बाहेरच्यांत मराठी कळणारा तेवढा एकच.

“साखर आहे, भावोजी. तुम्ही ढवळला नाहीत.”

“मग ढवळून द्यायचा.”

तिनं चहा ढवळला आणि माईक पुन्हा चालू केला.

दुपारचा दीड. इंग्रिडच्या नॉर्वेत सकाळ, पाउलोच्या ब्राझीलमध्ये अजून उजाडायचं होतं. खाली बनारसच्या दूधविनायकाच्या गल्लीत सांड आडवा बसला होता आणि कुणी स्कूटरवाला त्याला “उठा हो महाराज” म्हणून विनवत होता. ही चार माणसं एकमेकांना कधी भेटलेली नव्हती. पण जी ऑपरेटिंग सिस्टीम कुणाच्याच मालकीची नाही, ज्याला हवी त्यानं फुकट न्यावी, तिच्यातला फायली डिस्कवर ठेवणारा भाग हे चौघं सांभाळत. म्हणजे तिघं लिहीत आणि दत्तात्रेय तपासत. ते वीस वर्षं तपासत होते, विद्यापीठाच्या संगणक केंद्रात नोकरीला होते तेव्हापासून.

रीत साधी होती. कुणी बदल सुचवला की तो सगळ्यांना मेलवर जायचा, त्यावर वाद व्हायचा, आणि शेवटी जबाबदार माणसानं एक ओळ टाकायची: पाहिलं, मान्य. खाली नाव. दत्तात्रेयांची ओळ पडली की बाकीचे वाचायची तसदी घेत नसत. घेतली असती तर ते उद्धटपणाचं दिसलं असतं.

फाल्गुनात मालविका आईच्या वर्षश्राद्धाला ग्वाल्हेरला गेली आणि अठरा दिवस राहिली. त्यातल्या अकराव्या दिवशी पाउलोच्या बदलाखाली ती ओळ पडली. काम भराभर व्हावं म्हणून पाउलोनं क्रम फिरवला होता: आधी जुनी प्रत पुसायची, मग नवी लिहायची. मधल्या क्षणात बत्ती गेली तर दोन्ही गेल्या. बनारसच्या माणसाला हे कुणी सांगावं लागतं? नवं नीट टेकल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही, हे मालविकेला पहिल्या वर्षी शिकवलं होतं ते भावोजींनीच.

नेपाळातल्या एका शाळामास्तरानं अकरा वर्षं गावोगाव फिरून म्हाताऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली होती. त्यातल्या बऱ्याच म्हाताऱ्या आता हयात नव्हत्या. गेल्या महिन्यात त्याच्याकडे बत्ती गेली आणि या नव्या क्रमामुळे गाणीही गेली. मग त्याचं पत्र आलं. पत्रात राग नव्हता. काही परत मिळेल का, एवढंच विचारलं होतं.

“आपण दोषी शोधायला बसलेलो नाही,” इंग्रिड म्हणाली. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. “प्रक्रिया कुठं चुकली ते बघू.”

“बरोबर. प्रक्रिया,” निमिष म्हणाला.

“प्रक्रिया,” पाउलोनंही मान हलवली. मग न राहवून म्हणाला, “मी नवा होतो. चुकत असलो तर सर सांगतील, असं मला वाटलं.” आणि लगेच ओशाळला, चपला घालून देवघरात आल्यासारखा.

मालविका कॅमेऱ्याच्या बाहेर, स्टुलावर होती. तिचं तिथं बसणं नवं नव्हतं. लग्न होऊन आली ती संस्कृत घेऊन बी.ए. झालेली. थोरल्या दिराचा हात मोडला म्हणून त्यांची पत्रं टाइप करायला बसली, आणि पुन्हा उठलीच नाही. टाइप करता करता वाचायला लागली, वाचता वाचता चुका दिसायला लागल्या. “अगं, तुला नजर आहे!” भावोजी खूश होऊन म्हणायचे. गेली दोन वर्षं मात्र सकाळी भाजी फोडणीला टाकली की ती आलेले बदल वाचून काढायची, चुका पेन्सिलनं कागदावर लिहायची आणि कागद कीबोर्डखाली सरकवायची. दुपारी भावोजी तो काढून जसाच्या तसा टाइप करायचे. त्या कागदाबद्दल दोघांत कधी एक शब्द झाला नाही. यज्ञेशला, नवऱ्याला, तिनं एकदा सांगून पाहिलं होतं. “दादाचं तेवढं एकच तर आहे. राहू दे ना,” तो म्हणाला आणि डबा घेऊन बँकेत गेला.

“सर,” इंग्रिड अदबीनं म्हणाली, “हा बदल तेव्हा तुम्हाला सुरक्षित का वाटला, तेवढं सांगाल?”

दत्तात्रेय सावरून बसले. मग पाच मिनिटं ते फार सुंदर बोलले. बोटानं हवेत कप्पे काढले, कुठल्या कप्प्यात काय जातं आणि का जातं ते समजावलं, मध्ये एक विनोदही केला. मालविकेला ते सगळं तोंडपाठ होतं. ज्या भागाबद्दल ते बोलत होते तो सहा वर्षांपूर्वी काढून टाकला होता. काढायचा हट्ट त्यांनीच धरला होता.

पाउलो पाणी प्यायला.

“हो सर,” शेवटी निमिष म्हणाला. “तो काळच वेगळा होता.”

त्या ‘हो’तलं काहीतरी भावोजींना टोचलं असावं. त्यांनी चौकटी एकेक करून न्याहाळल्या. मग म्हणाले, “घरात हे मशीन मालविकासुद्धा वापरते. माझ्या भावाची बायको. तिनं काही दाबलं असेल.”

मालविकेच्या हातात त्यांचा रिकामा कप होता. तो तिनं खाली ठेवला.

पडद्यावर सगळ्यांचे खांदे एकदम सैल झाले. इतके दिवस हवं होतं ते कारण असं आयतं हातात आलं होतं.

“असं आहे होय!” इंग्रिड म्हणाली. “मग हा पासवर्डचा प्रश्न झाला. तो बदलू आणि विषय मिटवू. सरांचे अधिकार आहेत तसेच राहतील. त्या आहेत का तिथं? एकदा त्यांच्या तोंडून ऐकलं की झालं.”

निमिष आवाज खाली आणून मराठीत म्हणाला, “ताई, तेवढं हो म्हणून टाका. सगळ्यांचंच बरं होईल.”

“सगळ्यांचं?”

“तुमचं नाव यात कुठंच नाहीये ना. मग तुमचं काय जाणार आहे?”

बिचारा चांगल्या मनानं बोलत होता. आणि खोटंही बोलत नव्हता. दोन वर्षं तिनं काढलेल्या शेकडो चुकांखाली तिचं नाव एकदाही नव्हतं. एक हो म्हणायचं, एवढंच. बावीस वर्षांच्या संसारात याहून मोठे ‘हो’ तिनं याहून लहान गोष्टींसाठी म्हटले होते.

तिनं स्टूल पुढं ओढलं आणि ती चौकटीत आली. तेव्हा तिला पडद्याच्या कोपऱ्यातली दुसरी खिडकी दिसली. आणखी तीन बदल मान्यतेची वाट बघत होते. बाकीचे बोलत असताना भावोजींनी त्यातला पहिला उघडला होता. बदल चांगला दोनशे ओळींचा. ते अजून पहिल्याच पानावर होते. पण खाली लिहायच्या जागी बोटं सवयीनं चालली होती. पाहिलं, इथपर्यंत आली होती.

तिनं त्यांचा हात धरला. या घरात आल्यापासून पहिल्यांदा. हात वाळका होता आणि ऐन वैशाखात गार.

“सोड गं. काम पडलंय.”

“कसला बदल आहे हा, भावोजी?”

“आहे कसलातरी.”

“सांगा की.”

ते पडद्याकडे बघत राहिले. शब्द जुळवावेत तसे ओठ हलत होते. मग ते म्हणाले, “तुझा कागद कुठाय?”

“आज लिहिला नाही.”

“का?”

तिला चार वाक्यं सुचली, चारही गोड. त्यातलं एकही तिच्या तोंडून निघालं नाही.

“भावोजी, तुम्हाला आता वाचलेलं कळत नाही.”

“काय म्हणाल्या त्या?” इंग्रिडनं विचारलं. “निमिष?”

निमिषनं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसत राहिला.

“निमिष, काय म्हणाल्या?”

दत्तात्रेयांनी हात सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हातानं माईक तोंडाशी ओढला, आणि विद्यापीठात पोरांना शिकवताना बोलायचे त्या स्वच्छ, सावकाश इंग्रजीत म्हणाले, “ती म्हणते, मला आता वाचलेलं कळत नाही.”