एक्केचाळीस वनस्पती

आक्काबाईंनी मूठ उघडली नाही.

सत्यशीलानं शाईचं पॅड पुन्हा थोडं पुढे सरकवलं. "आक्का, नुसता अंगठा टेकवायचा आहे. तुम्ही मला झाडांची माहिती दिलीत, ती छापायला तुमची ना नाही, एवढंच लिहिलंय यात."

आक्काबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग सुनेकडे. "ही कोन बाय हाय?"

"गर्जे मॅडम न्हाई का, आत्याबाई," छबूबाई म्हणाल्या. "कॉलेजातल्या. तुमच्यासंग डोंगरात हिंडायच्या त्या."

"अंगठा घिऊन मानसं जात्यात," आक्काबाई म्हणाल्या. "परत येत न्हाईत." आणि त्यांनी मूठ लुगड्याच्या घोळात दडवली.

मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत दुपारी वारा पडला होता. सत्यशीला सकाळच्या जीपनं आली होती. येताना वाटेवरून कुड्याची डहाळी तोडून आणली होती, पांढऱ्या फुलांनी भरलेली. हातात पान आलं, नाकाला वास आला, तर कदाचित आठवेल, असं तिला वाटलं होतं. कुड्याची साल कधी काढायची, झाडाच्या कुठल्या बाजूची काढायची, मागे किती ठेवायची, हे याच आक्काबाईंनी तिला दोन तास उन्हात उभं करून शिकवलं होतं. आता त्यांनी डहाळी हुंगली, एक फूल तोडलं आणि विचारलं, "देवाला व्हय?"

सत्यशीला म्हणाली, "हो, देवाला."

सत्यशीला गर्जे मूळची पाथर्डीकडची. आईबापांचा अर्धा जन्म उसाच्या फडात गेला. दिवाळीनंतर ते कोयते घेऊन बाहेर पडत आणि ती आजीजवळ गावात राहून शाळा करी. तिच्या गावाकडे झाडं म्हणजे बाभळी, बोरी आणि बांधावरचे चार लिंब. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून ती अकोले गावातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागली, तेव्हा पहिल्या पावसाळ्यात तिनं हा डोंगर पाहिला आणि आपल्याला शिकलेलं काहीच येत नाही, असं तिच्या ध्यानात आलं. वर्गातल्या मुली ज्या झाडांना नावानं ओळखत होत्या, त्यांची नावं तिच्या पुस्तकात नव्हती. त्या मुलींनीच तिला आक्काबाईंचं घर दाखवलं.

त्याला आता अकरा वर्षं झाली होती. दर जुलैला नव्यानं मुलाखत आणि नव्यानं नेमणूक, असं करत ती त्रेचाळीस वर्षांची झाली. मधे पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय हाच, अकोले तालुक्यातल्या महादेव कोळी वस्त्यांमध्ये औषधी आणि खाण्याच्या वनस्पतींचं ज्ञान. चौतीस जणांशी ती बोलली होती, पण खरं सांगणाऱ्या आक्काबाईच. बाकीचे म्हणायचे, "म्हातारीला इचारा."

सुरुवातीला आक्काबाईंनीही काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या की तिसऱ्या फेरीत, एका कड्याखाली, त्यांनी एका वेलाचा कंद उकरून दाखवला आणि अडलेल्या बाळंतिणीसाठी तो कसा वापरतात ते सांगितलं. मग म्हणाल्या, "ह्ये लिवू नको. कोन बी वाचील आन कोनाचा बी जीव घील." सत्यशीलानं पेन खाली ठेवलं. पुढच्या खेपेला आक्काबाईंनी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "वाच बरं, काय काय लिवलंय." सत्यशीलानं वही पहिल्या पानापासून वाचून दाखवली. त्यात तो कंद नव्हता. त्यानंतर आक्काबाई दर शनिवारी काठी घेऊन तयार बसू लागल्या.

त्या सगळ्या शनिवारांचा मिळून एक शोधनिबंध झाला. त्रेसष्ट वनस्पती. प्रत्येकीचं शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, वापरायचा भाग, वापरायची रीत, कागदावर दाबून वाळवलेल्या नमुन्याचा क्रमांक. संशोधनपत्रिकेकडून निबंध पहिल्यांदा परत आला तो इंग्रजी सुधारा म्हणून. दुसऱ्यांदा आला तेव्हा परीक्षकानं लिहिलं होतं की नुसती यादी पुरेशी नाही, प्रत्येक वनस्पतीमागे किती जणांचं मत जुळतं त्याचे आकडे काढा. तिनं सुट्टीत बसून आकडे काढले. तिसऱ्यांदा संदर्भांची मांडणी चुकली होती, ती स्वल्पविरामासकट सुधारली. चौथ्यांदा संपादकाचं स्वतःचं पत्र आलं. निबंध चांगला आहे, छापण्याजोगा आहे. मात्र माहिती देणाऱ्यांची लेखी संमती जोडावी. जे वारले असतील त्यांच्या वारसांचं पत्र चालेल. जे हयात आहेत त्यांनी ती स्वतः, समजून दिलेली असली पाहिजे. मुदत पंधरा दिवस.

चौतिसांपैकी एकोणीस जण वारले होते. त्यांच्या मुलांनी, सुनांनी उभ्याउभ्या सह्या दिल्या. उरलेल्या चौदा जणांकडे ती उन्हातून फिरली. राहिल्या आक्काबाई. त्या हयात होत्या. पण दोन वर्षांपूर्वी त्यांचं विसरणं सुरू झालं होतं, आणि गेल्या पावसाळ्यापासून त्या घराबाहेर पडल्या तर दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसत.

छबूबाईंनी पॅड आपल्याकडे ओढलं. "द्या हिकडं. मी लावते."

"तुमचा नाही चालायचा."

"कोन बगाया येतंय? अंगठा त्यो अंगठा." सत्यशीला काही म्हणायच्या आत त्यांनी आक्काबाईंच्या नावासमोर अंगठा उमटवला आणि पदराला पुसला. "मॅडम, ती शुद्धीवर आसती तर तुमाला न्हाई म्हनली आसती का? अकरा वर्सं तुमी आलात. पोटच्या लेकी वर्सातून येकदा येत्यात."

परतीच्या जीपमध्ये सत्यशीलानं तो कागद दोनदा काढून पाहिला. ठसा स्वच्छ उमटला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं नगरला मार्गदर्शकांना फोन केला. डॉ. रंगनाथ खोसे निवृत्तीला आले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिचा प्रत्येक मसुदा तपासला होता.

"मिळाली ना संमती? मग टाका लगेच."

"सर, अंगठा सुनेचा आहे. आक्कांना काही समजत नाही आता."

"गर्जे, तुम्ही एकदा मुदतवाढ घेतलीय. जूनअखेर प्रबंध आणि छापायला स्वीकारलेला एक निबंध दिला नाही, तर नोंदणी रद्द. पुन्हा पहिल्यापासून. मी तोवर नसेन. तुमचं वय काय आता?"

"त्रेचाळीस."

"चोरी करताय का तुम्ही? बाईनं सांगितलंय, तुम्ही लिहिलंय. तिचं नाव घालताय. याहून प्रामाणिक काम मी तरी बघितलेलं नाही."

"हो सर."

तिनं कॉलेजच्या संगणकावर निबंध चढवला, संमतीपत्रं एकेक करून जोडली. शेवटी एक चौकट होती. वर दिलेल्या सर्व संमती संबंधित व्यक्तींनी स्वतः व समजून दिल्या आहेत असं मी प्रमाणित करते. तिथे बरोबरची खूण करायची होती. ती बराच वेळ त्या चौकटीकडे बघत बसली. तिला आक्काबाईंची मूठ दिसत होती. ज्या बाईनं एकदा वही वाचून घेतली होती आणि मगच तोंड उघडलं होतं, तिनं आपलं शेवटचं उत्तर दिलेलं होतं. ते भीतीनं दिलेलं असेल, न समजता दिलेलं असेल, पण ते "न्हाई" असंच होतं. लिपिक मागे येऊन म्हणाला, "मॅडम, लॅब बंद करायचीय," तेव्हा ती खूण न करताच उठली.

पुढचे चार दिवस तिनं घरी बसून निबंधातून आक्काबाईंना काढलं. जे फक्त त्यांनीच सांगितलं होतं ते एकेक करून खोडलं. जनावराच्या फुटलेल्या खुराला लावायचं मूळ गेलं. अंगावरचं दूध आटलं तर द्यायची भाजी गेली. दुष्काळात खायचे आणि सात पाण्यांत उकडून कडूपणा काढायचे कंद गेले. एक्केचाळीस वनस्पती गेल्या. ज्या बावीस उरल्या त्यांत अडुळसा होता, गुळवेल होती, तुळसही होती. तिनं आकडे पुन्हा काढले, तक्ते पुन्हा केले आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी निबंध पाठवला. चौकटीत खूण केली. ती आता खरी होती.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. दोनच ओळी होत्या. निबंधात नवीन माहिती आढळत नाही, त्यामुळे स्वीकारता येत नाही.

खोसे सरांना तिनं कळवलं. ते म्हणाले, "मला एकदा विचारायचं तरी." जून संपला. नोंदणी रद्द झाल्याचं पत्र कॉलेजच्या पत्त्यावर आलं, ते शिपायानं तिला वर्गात आणून दिलं. ती त्या वेळी फळ्यावर खोडाच्या आडव्या छेदाची आकृती काढत होती. पत्र टेबलावर ठेवून तिनं आकृती पुरी केली. जुलैच्या मुलाखतीत तिला नेहमीचे प्रश्न विचारले गेले. पीएच.डी. कुठवर आली, या प्रश्नाला ती "नाही झाली" म्हणाली. यंदा तिला आठवड्याला सातच तास मिळाले.

भाताची लावणी उरकत आली तेव्हा आक्काबाई गेल्या. छबूबाईंचा फोन आला, पण रस्त्यावर दरड आल्यानं सत्यशीलाला पोचता आलं नाही. ती दहाव्याला गेली.

ओढ्यावरून माणसं परत आली होती. घरात गर्दी होती, अंगण चिखलानं भरलं होतं. छबूबाई तिला मागच्या पडवीत घेऊन गेल्या. तिथे त्या म्हणाल्या, "मॅडम, आता माजी सई चालंल ना तुमाला? वारस म्हनून?"

"आता लागत नाही," सत्यशीला म्हणाली.

"झालं व्हय तुमचं काम?"

"झालं."

छबूबाईंना बरं वाटलं. त्यांनी माळ्यावरून एक मडकं खाली घेतलं. त्यात फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. "आत्याबाईंचं औशीद. आमाला कुनालाच वळखंना. ह्यात काय कशाचं हाय तेवडं सांगा, म्हंजी घरात ऱ्हाईल."

सत्यशीलानं फडकं पडवीत पसरलं. सालींचे तुकडे होते, वाळलेली मुळं होती, कंदांच्या चकत्या, पिळदार शेंगा, काळपट बिया. तिनं एकेक उचलून हुंगलं, नखानं खरवडलं, उजेडात धरलं. कुड्याची साल तिला ओळखता आली. मुरुडशेंग आली. भारंगीचं मूळ बहुतेक तेच असावं. आणखी एक साल बाजूला काढली. मग तिचा हात थांबला. वीसेक तुकडे उरले होते आणि ते तिला काहीच सांगत नव्हते. आक्काबाई मूळ उकरून तिच्या हातात द्यायच्या, मोडून वास घ्यायला लावायच्या. आणि ती प्रत्येक वेळी घाईनं हुंगून, वर फूल आहे का ते बघायची, कारण नमुन्याच्या कागदाला फूल लागतं, नावाला फूल लागतं. मूळ तिनं कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"ही चार," ती म्हणाली. "बाकीची नाही सांगता येत."

"तुमाला बी न्हाई?"

"नाही."

छबूबाई गाठोड्याकडे बघत राहिल्या. "मग ठिवायला भ्या वाटतं. ल्हान पोरं हायेत. त्यात येकादं इखारी आसंल तर."

"असेल," सत्यशीला म्हणाली. अडलेल्या बाळंतिणीचा तो कंद त्यात असणार, आणि त्या चकत्यांपैकी तो कुठला, हे तिला माहीत नव्हतं. "जाळू नका. धूर लागेल कुणाला. पुरून टाकू."

दोघींनी घरामागे, फणसापलीकडे खड्डा खणला. माती ओली होती, वेळ लागला नाही. ती चार औषधं छबूबाईंनी पदरात घेतली आणि बाकीचं फडक्यासकट खाली ठेवलं. सत्यशीलानं माती लोटली, पायानं दाबली. छबूबाईंनी एक दगड आणून वर ठेवला.

मग त्यांनी कळशीनं तिच्या हातांवर पाणी घातलं. "चांगलं घासा मॅडम. काय लागलं आसंल कुनाला म्हाईत."

सत्यशीलानं कोपरापर्यंत हात घासले.

ओसरीवर पानं मांडली होती. छबूबाईंनी तिला घरच्या लेकीसुनांच्या ओळीत बसवलं. भात वाढत आलेल्या बाईनं हळूच विचारलं, "ह्या कोन?"

"झाडांच्या मॅडम," छबूबाई म्हणाल्या. "आत्याबाईंचं समदं ह्यांना ठावं हाय."

त्या बाईनं आदरानं एक डाव जास्त वाढला. सत्यशीलानं मान खाली घातली आणि भात कालवायला घेतला.