रास्त भावाची पाटी

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. मित्रांनो, माझ्यावर आधी दोनच शब्द होते, ‘रास्त भाव’. त्या दोन शब्दांनी एका कष्टाळू बाईच्या पोटावर जवळजवळ पाय दिला होता.

एका मोडक्या कपाटाच्या दारातून माझा जन्म झाला. दुकानदारकाकांनी मला घासूनपुसून निळा रंग दिला आणि वेताच्या टोपल्यांच्या फळीवर टांगलं. टोपल्या विणणाऱ्या काकूंना कष्टाचा पुरेपूर मोबदला मिळावा, म्हणून किंमत काकूंनीच ठरवली होती. काकांच्या मनात रास्त म्हणजे न्यायाचा भाव. गिऱ्हाइकांनी मात्र त्याचा अर्थ घेतला स्वस्त! जो तो हौसेने यायचा, किंमत ऐकून माझ्याकडे डोळे वटारून बघायचा आणि समोरची प्लास्टिकची टोपली घेऊन जायचा. एक गुरुजी वर्गात समतेवर तासन्‌तास बोलत म्हणे. तेही प्लास्टिकच घेऊन गेले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! मला स्वतःचीच फार लाज वाटायची. शेवटी काकांनी काकूंना सांगून टाकलं, की महिनाअखेरपर्यंत टोपल्या खपल्या नाहीत तर ही फळी रिकामी करावी लागेल. काकूंनी वेतानं चिरलेली बोटं मुठीत लपवली.

त्याच आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या एक आजी आल्या. त्यांनीही किंमत ऐकली, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “रास्त कोणाला?”

“विणणारीला, आजी,” काका म्हणाले.

“मग तसं लिहा की. माझ्या शिलाईवर लोकांनी जन्मभर घासाघीस केली. मी दुसरीच्या कष्टांवर करणार नाही.”

आजी टोपली घेऊन गेल्या आणि काकांनी लगेच माझ्या डोक्यावर लिहिलं, ‘विणणारीलाही’. त्यानंतर सगळेच घेऊ लागले असं नाही. पण ज्यांना आपल्या घामाची किंमत ठाऊक होती, ते थांबून वाचायचे आणि न कुरकुरता घ्यायचे. हमाल आले, दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. एकदा गुरुजीही आले, मान खाली घालून. फळी वाचली.

आता माझा रंग उडालाय. गंमत अशी, की मागून लिहिलेला शब्दच आधी पुसला गेला. काल एकजण पुन्हा विचारत होता, यातली सगळ्यात स्वस्त कोणती? काकूंची बोटं अजून तशीच चिरतात. म्हणून सांगते मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाकडे ब्रश असेल तर मला रंगवा. पण आधी ‘विणणारीलाही’ लिहा. ‘रास्त भाव’ उरलेल्या जागेत बसेल.