चंद्राला तोंड फिरवता येत नाही

सूर्य मी झाले, कारण सूर्याने जागचं हलायचं नसतं. "ग्रंथपालबाई, हे काम तुम्हालाच जमणार," असं विज्ञानाचे सर म्हणाले आणि शिक्षकखोलीत सगळे फिदीफिदी हसले. कोण कोण हसलं ते माझ्या लक्षात आहे. तरी पिवळा रेनकोट घालून मैदानाच्या मधोमध स्टुलावर बसायला मी तयार झाले, कारण पृथ्वी माझी धाकटी बहीण होती आणि चंद्र तिचा नवरा.

बहीण आमच्याच शाळेत चित्रकला शिकवते, मेहुणा खेळ शिकवतो. दोघांत कित्येक दिवस अबोला होता. शाळेची नवी शाखा लांबच्या गावी निघाली होती. तिथे क्रीडाप्रमुख म्हणून जायला मेहुण्याने अर्ज केला, निवडही झाली आणि बायकोला ही बातमी शिपायाने चहाच्या कपाबरोबर दिली. तिने तिथल्या तिथे तोंडाला कुलूप लावलं. तेव्हापासून त्यांचा संसार माझ्यामार्फत चालला होता. "ताई, त्याला सांग, डबा टेबलावर आहे." "ताई, तिला सांगा, दिसतोय मला." एकाच टेबलाशी बसून! मी चिडायचे, दोघांनाही फाडफाड बोलायचे आणि घरी गेल्यावर मात्र जीव कासावीस व्हायचा. सूर्य-पृथ्वी-चंद्राचा हा कार्यक्रम संपताच मेहुण्याने मुख्याध्यापिकांना हो की नाही ते सांगायचं होतं. तो हो म्हणणार, गाठोडं बांधून निघणार आणि माझी बहीण ताठ मानेने एकटी राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

कार्यक्रम लहान मुलांसाठी होता. दिवस-रात्र, चंद्राच्या कला आणि ऋतू, सगळं माणसांकडून करून दाखवायचं. विज्ञानाच्या सरांना या जगात दुसरं काही दिसत नाही. कोण कुणाशी बोलत नाही, हे त्यांना शाळेच्या भिंतींनंतर कळतं.

तालमीत पहिला घोळ बहिणीने घातला. पृथ्वी थोडी कललेली असावी लागते, आणि कल नेहमी एकाच दिशेला. आमच्या मैदानावर ती दिशा पाण्याच्या टाकीची ठरली. सूर्याभोवती फिरताना ती कधी माझ्या बाजूला झुकलेली दिसणार, कधी माझ्यापासून लांब. त्यानेच उन्हाळा आणि हिवाळा. पण ही आपली कायम माझ्याकडेच झुकायची, कारण तिला माझ्या कानात नवऱ्याची तक्रार सांगायची असायची.

"बाई, अशाने तुमच्या डोक्यावर बारा महिने उन्हाळा!" सर ओरडले.

"आहेच," बहीण म्हणाली.

मग मेहुण्याची पाळी आली. तो शर्यतीत धावतात तसा समोर बघत धावायला लागला. सरांनी शिट्टी मारली. "चंद्राची एकच बाजू पृथ्वीला दिसते. तोंड सतत पृथ्वीकडे हवं! आडवं चाला, खेकड्यासारखं!"

"सतत?" मेहुण्याने विचारलं.

"अब्जावधी वर्षं," सर म्हणाले.

पृथ्वीला तशी सक्ती नाही. ती स्वतःभोवती फिरते, त्यामुळे माझ्या बहिणीला दर गिरकीला नवऱ्याकडे पाठ करायची हक्काची सोय होती आणि ती पाठ करायची तीही अशी ठसक्यात, की मुलं टाळ्या वाजवायची. बिचारा मेहुणा मात्र तिची वेणी, तिचा कान, तिचं फुगलेलं नाक, पुन्हा वेणी, असं सगळं बघत घामाघूम होत होता. पृथ्वीची एक फेरी पुरी होईपर्यंत चंद्राने बारांहून जास्त मारायच्या असतात. त्याला चंद्र का केलं, ते तेव्हा सगळ्यांना कळलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मुलं गोल करून बसली, मुख्याध्यापिका पुढच्या खुर्चीत. सगळं सुरळीत चाललं होतं. अमावास्या आली, मेहुणा माझ्या आणि बहिणीच्या मधे आला. मला त्याची भिजलेली पाठ दिसत होती आणि त्याच्या खांद्यावरून बहिणीचा चेहरा. नेमकी तेव्हाच एक दात पडलेली मुलगी उठली.

"सर, चंद्र पृथ्वीला सोडून जाणार नाही ना?"

"जातोय की!" सर आनंदाने म्हणाले. "दर वर्षी लांब लांब जातोय!"

मी रेनकोटाच्या आत गार पडले. बहीण गिरकी घेता घेता थांबली, चंद्राकडे तोंड करून.

"पृथ्वी थांबत नसते!" सर माइकवर ओरडले.

"किती लांब?" बहिणीने विचारलं.

"आपलं नख वर्षभरात वाढतं ना, साधारण तेवढा."

"तुम्हाला नाही, सर. याला विचारलं."

मेहुण्याने सवयीने मान माझ्याकडे वळवली. "ताई, तिला सांगा..."

"मी सूर्य आहे!" मी खेकसले. "मला मधे घालू नका!"

त्याने मान पुन्हा तिच्याकडे केली. "चुकलं," तो धापा टाकत म्हणाला. "आधी तुला विचारायचं होतं. तू नाही म्हणशील म्हणून भ्यालो."

"मी नाहीच म्हटलं असतं."

"मग आता?"

"आता पण नाहीच म्हणते. तू गेलास तर मी भांडू कुणाशी?" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, टाकीकडे कललेली होती म्हणून सगळं एकाच गालावरून.

"चंद्राने बोलू नये!" सर कळवळून म्हणाले. "तिथे हवा नसते, आवाज जात नाही!"

मेहुण्याला आवाज व्यवस्थित पोचला होता. तो वळला आणि तडक मुख्याध्यापिकांच्या खुर्चीकडे निघाला, नकार सांगायला.

"चंद्र कुठे चालला? कक्षा! कक्षा!" सरांनी शिट्टी फुंकली.

"जाऊ द्या, सर," बहीण गाल पुसत म्हणाली. "नखाएवढाच जातोय."