उणे एकेचाळीस

विषारी वायू मोजणाऱ्या यंत्रांची देखभाल करता करता माझे केस पिकले. प्रयोगशाळेत सगळे मला 'नाकवाले काका' म्हणतात, आणि मला ते आवडतं, उगाच कशाला लपवू? भट्टीच्या खोलीत माझ्या भाचीला नोकरी मीच लावून दिली. गेले तीन आठवडे तिचं एकच तुणतुणं चालू होतं: मामा, डोकं दुखतंय.

"मोबाईल बघणं कमी कर," मी म्हणायचो. खोलीतला मापक शून्य दाखवत होता ना! यंत्रापेक्षा पोरीचं कसं खरं मानायचं? साहेबांनी विचारलं तेव्हा मी सांगून मोकळा झालो, की कामाचा कंटाळा आलाय तिला. ते तिच्या कानावर गेलं. शुक्रवारी ती राजीनामा लिहून घेऊनच आली.

"तो मापक दे," ती म्हणाली. "एकदा गच्चीवर नेऊन बघते, मग जाते."

"गच्चीवर काय ठेवलंय?"

"तूच शिकवलंस ना? शून्य मोकळ्या हवेत लावायचं."

दर सोमवारी मापक गच्चीवर नेऊन शून्य लावायचं, म्हणजे तिथल्या स्वच्छ हवेत आकडा शून्यावर आणायचा, हा नियम माझाच. पण माझा गुडघा कुरकुरत होता. चार जिने कोण चढणार, म्हणून गेले तीन सोमवार मी ते खोलीतच उरकलं होतं.

कठडा धरत तिच्या मागून चढलो. वर वारा होता, दोरीवर कुणाचे तरी अॅप्रन वाळत होते. तिने मापक समोर धरला. आकडा घसरत घसरत उणे एकेचाळीसवर थांबला.

स्वच्छ हवेत उणे एकेचाळीस, म्हणजे खोलीत शून्य दिसत होतं तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत वायूचे खरे एकेचाळीस भाग होते. पस्तिसाला भोंगा वाजायला हवा. भट्टीला लागणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. गळती हळूहळू वाढत होती आणि मी दर सोमवारी तिलाच शून्य म्हणत होतो.

खोली रिकामी केली, खिडक्या उघडल्या, वायूच्या टाकीचा कॉक बंद केला. नळीच्या जोडाला साबणाचा फेस लावला तर बुडबुडे आले. वायसर झिजला होता. भाचीला लगेच डॉक्टरकडे धाडलं. मग नोंदवहीत तीन सोमवारांपुढे लिहिलं: 'शून्य गच्चीवर लावलं नाही, खोलीतच लावलं. चूक माझी.' वही स्वतः साहेबांपुढे नेऊन ठेवली.

दुपारी ती परत आली. डॉक्टर म्हणाले होते, मोकळ्या हवेत बरं वाटेल. राजीनामा अजून तिच्या हातात होता.

"आता तरी जाऊ नकोस," मी म्हणालो. मला फार लाज वाटत होती.

"ते नंतर बघू. आधी म्हण, माझं डोकं खरंच दुखत होतं."

"दुखत होतं गं. खरंच दुखत होतं."

"साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं."

तिने कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. फाडला मात्र नाही.