गोदीची बोली

"आलास का रे तू?" अंधारात आईने कुजबुजत विचारलं.

पडद्यावर नॉर्मन ब्लँचर्ड हल बंदराच्या गोदीत मासळीची पेटी खांद्यावर घेऊन उभा होता. पण आईची दृष्टी सहा वर्षांपूर्वीच गेली होती.

"अजून नाही," शेजारी बसलेला नॉर्मन म्हणाला.

एकोणिसाव्या वर्षी तो हल सोडून लंडनला नाटक शिकायला गेला. "या बोलीत तुला फार तर नोकराचं काम मिळेल," तिथल्या बाई म्हणाल्या. त्याने वर्षभर दातांत बूच धरून बोली घासून काढली. मग तीस वर्षं रंगभूमीवर तो डॉक्टर झाला, न्यायाधीश झाला, एकदा राजासुद्धा. बहुतेक वेळा दुसऱ्या अंकात मरणारा. रेडिओवर त्याला ऐकून आई म्हणायची, "हा कुठला साहेब आणून बसवलाय माझ्या नॉर्मनच्या जागी?"

पन्नाशी उलटल्यावर सिनेमात पहिली मोठी भूमिका मिळाली, हलच्या हमालाची. वडील आयुष्यभर गोदीतच राबले होते. त्यांची चाल, खांदा पाडून उभं राहणं, सगळं त्याने आठवून आठवून केलं. चित्रीकरण संपलं तसं दिग्दर्शकाने बोलावून घेतलं.

"चेहरा झकास आलाय. बोलणं मात्र उसनं वाटतं हो. आवाज दुसऱ्याचा घालतोय."

दुसरा म्हणजे हलचाच एक तरुण नट. बोली न सोडलेला. आता लंडनमध्ये तीच बोली भाव खात होती.

हे आईला सांगायचं राहून गेलं. तोवर तिने सगळ्या गल्लीला आमंत्रण देऊन टाकलं होतं.

"हा कोण रे?" आई एकदम पुढे झुकली. "बोलतोय बघ कसा! अगदी तुझ्या बापासारखा."

"आहे कुणीतरी."

"आणि तुझं काम?"

"कापलं, आई."

ती शेवटपर्यंत त्या आवाजाकडे कान लावून बसली. मधेच एकदा तिने डोळे पुसले.

दिवे लागले. पुढच्या रांगेतल्या मिसेस प्रॉक्टर, शेजारच्या घरातल्या, उठून वळल्या.

"नॉर्मन! काय काम केलंस रे! पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता तूच. आणि बोललास असा, की तुझे वडीलच समोर उभे राहिले!"

आईची मान हळूच नॉर्मनच्या दिशेला वळली.

"मग!" ती मिसेस प्रॉक्टरना म्हणाली. "मी तर आवाजावरूनच ओळखलं त्याला."

आणि पायऱ्या उतरताना तिने नॉर्मनचा नव्हे, मिसेस प्रॉक्टरचा दंड धरला.